उंबरदंड बंधूंचा मदरबोर्ड

शेवटी कॉम्प्युटर सुरू झाला, आणि थोरले अण्णा चार वर्षांनी आपल्या सख्ख्या भावाशी बोलले. बोलण्यातला पहिला शब्द ‘गाढवा’ असा होता.

हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. कॉम्प्युटर अजून बंद आहे, दोघं भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत, बार्शीत सोमवारचे सकाळचे साडेदहा वाजलेत आणि मी टेबलाखाली बसून कॉम्प्युटरच्या डब्यातून धूर नेमका कुठून येतोय ते हुंगतोय.

“रेवण,” टेबलाच्या उजवीकडून अण्णा म्हणाले, “त्याला विचार, काल जाताना मशीन बंद केलं होतं का.”

‘तो’ म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ बापू. ते टेबलाच्या डावीकडे, अण्णांपासून दहा फुटांवर, कागद कापायच्या मशीनपाशी उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी ते गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिले, कारण नियमाप्रमाणे त्यांना अजून काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. “बापू, अण्णा विचारतात, काल जाताना मशीन बंद केलं होतं का.”

“त्याला सांग, केलं होतं. धूर आज निघालाय. आज मशीन त्यानं लावलं.”

“अण्णा, बापू म्हणतात—”

“ऐकलं,” अण्णा म्हणाले, आणि लगेच आपली चूक त्यांच्या लक्षात आली. “म्हणजे, काय म्हणतो तो?”

मी पुन्हा सांगितलं. प्रेसचं नाव होतं ‘उंबरदंड बंधू मुद्रणालय’. पाटी जुनी होती.

मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा दोघं भाऊ बोलत होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. मी लागल्यावर सहा महिन्यांत कॅलेंडर आलं. प्रेस दरवर्षी गिऱ्हाइकांना फुकट कॅलेंडर वाटायची. वर दोघा भावांचे फोटो, खाली तिथी-वार. त्या वर्षी कॅलेंडरला वरून जी पत्र्याची पट्टी ठोकतात, ती अण्णांच्या कपाळावर बसली. बापूंचा फोटो जरा खाली होता, तो वाचला. बाइंडिंग बापूंकडे होतं. बार्शीतल्या पाचशे घरांत त्या वर्षी अण्णा भुवयांपासून खाली टांगलेले होते. लोक रस्त्यात भेटले की आधी त्यांच्या कपाळाकडे बघायचे आणि मग नमस्कार करायचे.

अण्णांचं म्हणणं, त्यानं एकदा म्हणावं की पट्टी चुकून बसली. बापूंचं म्हणणं, चुकून बसली हे ज्याला कळत नाही त्याला सांगून काय उपयोग. ही दोन वाक्यं मी पहिल्या आठवड्यात इकडून तिकडे इतक्या वेळा नेली की मला ती झोपेतही म्हणता यायची. मग तीही थांबली आणि कामाची वाटणी झाली. मजकूर, प्रूफ, गिऱ्हाईक, म्हणजे डोक्याचं काम अण्णांकडे. छपाई, कापणी, बाइंडिंग, म्हणजे अंगाचं काम बापूंकडे. कॉम्प्युटर मधोमध होता, म्हणून तो आणि मी कुणाच्याच वाट्याला आलो नाही. निरोप्याचं काम मला जादा मिळालं. पगार तोच.

एकदा मला तीन दिवस ताप आला होता. त्या तीन दिवसांत प्रेसमध्ये एका किराणा दुकानाच्या दोन हजार पावत्या उलट्या छापल्या गेल्या. उलट्या चालल्यात हे दोघांनाही दिसत होतं, पण ते सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

तर धूर. मी सोलापूरच्या जुनेदला फोन लावला. नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि त्याला नुसत्या वासाच्या वर्णनावरून रोग कळतो. तो म्हणाला, मदरबोर्ड जळाला आणि जाताना प्रोसेसरही घेऊन गेला. बाकीचं जुनं चालेल, हे दोन नवे घ्या. “पण एक ध्यानात ठेव. दोन्ही एकमेकांना जुळणारे पाहिजेत. एक निळ्या डब्याची कंपनी आहे, एक हिरव्या डब्याची. ह्याचं त्याला बसत नाही.”

हे मी दोघांना एकदम सांगितलं. ते म्हणजे कुणालाच न सांगण्यासारखं होतं, म्हणून मग एकेकाला वेगळं सांगितलं.

अण्णांनी विचारलं, “प्रोसेसर म्हणजे नेमकं काय?”

“कॉम्प्युटरचं डोकं, अण्णा.”

“डोकं माझ्याकडे आहे. प्रोसेसर मी आणणार.”

बापूंनी विचारलं, मग राहिलं काय. मी म्हणालो, ज्याच्यावर सगळं बसतं तो बोर्ड. “ते अंगाचं काम झालं. तो मी आणतो.”

“पण दोन्ही जुळावे लागतात,” मी म्हणालो. “एकमेकांना विचारून घ्यावे लागतील.”

अण्णा म्हणाले, त्याला सांग माझ्याप्रमाणे घे. बापू म्हणाले, त्याला सांग माझ्याप्रमाणे घे. दोन्ही निरोप मी पोचवले. दोन्ही पोचले. त्या घराण्यात कुणालाही कधीच अंधारात ठेवलेलं नव्हतं, हे मला इथं नोंदवून ठेवायचं आहे.

या सगळ्याला एरवी महिना लागला असता तरी चाललं असतं. पण अण्णांच्या मुलीचं, गिरिजाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिची पत्रिका अजून छापायची होती. तिनं मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहून माझ्याकडे दिला होता. सगळा व्यवस्थित होता. फक्त खाली ‘निमंत्रक’ असं लिहून, ‘श्री. मल्लिनाथ शिवलिंग उंबरदंड’ या अण्णांच्या नावाशेजारी तिनं एक रेघ मारून ठेवली होती. नुसती रेघ.

“ही जागा तू भरायची नाहीस,” ती मला म्हणाली होती. “मी नाही, आईनंही नाही. अण्णांनी स्वतःच्या तोंडानं बापूकाकाला विचारून भरायची.”

“आणि नाही भरली तर?”

“तर रेघ छाप. लोक विचारतील ही रेघ कसली, मी सांगेन हा माझा काका.”

बापूंनी लग्न केलेलं नव्हतं. गिरिजाला सायकल त्यांनी शिकवली, गणित त्यांनी शिकवलं, आणि ती दहावीला असताना पहाटे चहा करून तेच द्यायचे. एका घरात राहून भावाशी न बोलणारा तो माणूस तिच्याशी दिवसभर बोलायचा. पण त्यांनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं. थोरल्यानं स्वतः विचारलं तर मी मांडवात. नाही तर अक्षता पडतील तेव्हा मी गावात नसेन, आणि यात तुझ्यावर राग नाही.

मंगळवारी आम्ही सोलापूरला निघालो. दोघांनी एकच एसटी धरली, कारण त्या वेळेला दुसरी नव्हती. अण्णा ड्रायव्हरच्या मागे बसले, बापू शेवटच्या सीटवर. मी मध्ये. वैरागला गाडी थांबली तेव्हा अण्णांनी शेंगा घेतल्या आणि एक पुडी माझ्याकडे देऊन म्हणाले, त्याला विचार हव्यात का. मी मागे गेलो. बापू म्हणाले, नको म्हणावं. मग त्यांनी त्याच शेंगावाल्याकडून स्वतःची पुडी घेतली आणि म्हणाले, त्याला विचार हव्यात का. मी पुढे गेलो. अण्णा म्हणाले, नको म्हणावं. दोन्ही पुड्या मी सोलापूरपर्यंत संपवल्या. त्या नोकरीत असेही फायदे होते.

दुकानात आधी अण्णा शिरले. बापू समोरच्या हॉटेलात चहा घेत बसले, आम्ही त्यांना दिसावं अशा बेताने. जुनेदनं काउंटरवर तीन-चार डबे मांडले आणि वेग, गरम होणं, वीज किती खातो वगैरे सांगायला लागला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग खिशातून घडीचं भिंग काढलं. छपाईतले रंगाचे ठिपके बघायला प्रेसवाले ठेवतात ते. ते डोळ्याला लावून अण्णा निळ्या डब्यावर वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले.

“चार रंग,” ते म्हणाले, “एकावर एक असे बसलेत की केसाएवढी फट नाही. रेवण, बघ हे. ज्यांनी डब्यावर एवढं लक्ष दिलं, त्यांनी आतल्या मालावर दिलंच असणार.”

जुनेदनं माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघितलं. छपाई खरोखरच उत्तम होती.

अण्णा निळा प्रोसेसर घेऊन बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि हॉटेलात बापूंनी नुकत्याच रिकाम्या केलेल्या खुर्चीवर बसले. बापू आत आले. त्यांच्याकडेही भिंग होतं. वडिलांनी दोघांना एकाच दिवशी एकसारखी घेऊन दिली होती. बापूंनी डब्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मदरबोर्ड बाहेर काढायला लावले आणि त्यांच्या अंगावर पांढऱ्या शाईत जी बारीक अक्षरं छापलेली असतात, ती तपासत सुटले. चौथ्या बोर्डाशी थांबले.

“एवढा बारीक टाइप आहे, पण एकाही अक्षराच्या पोटात शाई भरलेली नाही. हा द्या.”

“काका,” जुनेद म्हणाला, “हा हिरव्या कंपनीचा प्रोसेसर घेणारा बोर्ड आहे. तुमच्या भावांनी निळा नेलाय. निळ्याला पाय नसतात, त्याच्या बोर्डाला असतात. हिरव्याचं उलट. प्रोसेसरला पाय असतात, बोर्डाला नुसती भोकं.”

“मग त्यानं बदलावा.”

मी रस्ता ओलांडला. अण्णा म्हणाले, मी आधी घेतलाय. मी परत आलो. बापू म्हणाले, आधी घेतला म्हणजे बरोबर घेतला असं कुठं आहे. मी परत गेलो. असा मी सहा वेळा रस्ता ओलांडल्यावर चौकातला पोलीस माझ्याकडे बघायला लागला. शेवटी जुनेदनं हात टेकले आणि दोघांच्या बिलांवर पेनानं लिहून दिलं : सात दिवसांत बदलून मिळेल, एकदाच. ‘एकदाच’च्या खाली त्यानं दोन रेघा मारल्या.

“घरी जाऊन काय ते ठरवा,” तो मला हळूच म्हणाला. “दोघांपैकी एकानं बदलला की झालं. कुणीही एक.”

बुधवारी मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. दोघं भाऊ दोन बाजूंना उभे राहिले. मी बापूंचा बोर्ड बसवला आणि त्यावर अण्णांचा प्रोसेसर ठेवला. इकडे भोकं, तिकडे सपाट. चाळणीवर बंदा रुपया ठेवावा तसा तो दिसत होता.

“त्याला सांग,” अण्णा म्हणाले, “बोर्ड बसत नाही.”

“त्याला सांग,” बापू म्हणाले, “बोर्ड बसलाय. बसत नाही ते दुसरंच आहे.”

मी दोघांनाही सांगितलं की दोघंही बरोबर आहेत. त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही.

तेवढ्यात गिरिजा दोघांचा चहा घेऊन आली. एक कप उजवीकडे ठेवला, एक डावीकडे. चाळणीवरचा रुपया बघितला. मग तिनं आपल्या पत्रिकेचा कागद उघड्या डब्यावर ठेवला आणि वर पेपरवेट ठेवलं.

“शनिवारपर्यंत,” ती म्हणाली. “नाही तर मी पत्रिका लातूरला छापून घेते. त्यांच्या घराजवळ एक प्रेस आहे, सासरे म्हणाले करून देतो.”

ती गेली. लातूर हे तिचं सासर होणार होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण उंबरदंडांच्या पोरीची पत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर छापली जाणार, आणि ती बार्शीतल्या पाचशे घरांत जाणार, तेही त्याच पाचशे घरांत. चार वर्षांत पहिल्यांदाच दोघं भाऊ एकाच वेळी एकाच वस्तूकडे बघत होते. पेपरवेटकडे. चहा दोन्हीकडे तसाच गार झाला.

गुरुवारी बापू बायपासवरच्या गोदामातून कागद आणायला गेले तशी अण्णांनी पायात चपला घातल्या.

“सोलापूरला जाऊन येतो. दात दुखतोय.”

अण्णांचे सगळे दात कवळीचे होते. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्याबरोबर जाऊन ती आणली होती.

“कुठला दात, अण्णा?”

“वरचा,” ते म्हणाले, आणि ड्रॉवरमधून निळा डबा काढून कापडी पिशवीत टाकला. “त्याला काही बोलू नको. विचारलं तरी नाही.”

संध्याकाळी ते परत आले तेव्हा पिशवी तेवढीच फुगलेली होती. दात कसा आहे, विचारलं तर म्हणाले, बसला.

शुक्रवारी अण्णा एका गिऱ्हाइकाकडे प्रूफ दाखवायला गेले होते. बापू माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “वैरागला साडूकडे जाऊन येतो.”

मी आधीच सांगितलं, बापूंचं लग्न झालेलं नव्हतं. साडू व्हायला बायकोची बहीण लागते, आणि बायकोची बहीण असायला आधी बायको. बापूंनी पेचकस घेतला, डब्यातून बोर्ड सोडवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला.

“साडूला दाखवायचाय,” ते म्हणाले. आणि दारातून वळून, “त्याला कळता कामा नये.”

“नाही कळणार.”

ते अंधार पडायच्या आत परत आले. साडू बरे आहेत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, लग्नाला येईन म्हणालाय.

शनिवारी दहाला गिरिजा येऊन माझ्या खुर्चीवर बसली. पत्रिकेचा कागद तिच्या मांडीवर होता. अण्णा उजवीकडे, बापू डावीकडे. अण्णांच्या चेहऱ्यावर मोठेपणानं माघार घेतलेल्या माणसाचं समाधान होतं. बापूंच्याही.

“लाव,” अण्णा म्हणाले.

“लाव,” बापू म्हणाले.

मी पेचकस दातांत धरला आणि बापूंच्या पिशवीतून बोर्ड काढला. त्याच्या मधल्या चौकोनात पाय होते. शेकडो, बारीक, वर तोंड करून उभे. मग अण्णांच्या पिशवीतला प्रोसेसर काढला. डबा हिरवा होता. प्रोसेसर उलटा केला. त्यालाही पाय होते. शेकडो, बारीक. मी एक दुसऱ्यावर नुसता धरून दाखवला. पायांवर पाय.

अण्णा वाकले आणि बोर्डाकडे बघत राहिले. बापू वाकले आणि प्रोसेसरकडे बघत राहिले. दोघांनी आपापली भिंगं काढली, बघायला काही उरलं नव्हतं तरी.

“रेवण,” अण्णा म्हणाले, “त्याला वि—”

आणि थांबले. मग मान वळवून त्यांनी सरळ बापूंकडे बघितलं.

“गाढवा, बदलायचा होता तर आधी विचारायचं नाही का?”

बापू सवयीनं माझ्याकडे वळले आणि निरोपाची वाट बघत उभे राहिले. माझ्या दातांत पेचकस होता. मी तो काढला नाही.

मग अण्णांकडे वळून बापू म्हणाले, “तू विचारलंस?”

“मी थोरला आहे.”

“मग आधी तूच विचारायला पाहिजे होतंस.”

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येईल, पण मला त्यात भांडण फारसं दिसलं नाही. चार वर्षांत साठलेला माल होता, तो दोघं खाली करत होते. किराणा दुकानाच्या उलट्या पावत्या निघाल्या. वैरागच्या शेंगा निघाल्या, आणि त्या मी खाल्ल्या हेही निघालं. मग बापू म्हणाले, “ती पट्टी चुकून बसली होती.”

“मला माहीत आहे,” अण्णा म्हणाले.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तू पट्टीला वर पाऊण इंच सोडलं होतंस, बरोबरच होतं. फोटो मी नंतर वर सरकवला. मला तुझ्यापेक्षा जरा वर दिसायचं होतं.”

गिरिजानं मांडीवरचा कागद तोंडासमोर धरला. हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

“मग चार वर्षं काय करत होतास?” बापूंनी विचारलं.

“तू एकदा ‘चुकून’ म्हणशील, म्हणून थांबलो होतो.”

दुपारच्या एसटीनं आम्ही परत सोलापूरला निघालो. दोघं भाऊ एका सीटवर बसले आणि मला खिडकीची जागा मिळाली. वैरागला एकच पुडी घेतली गेली. मला कुणी विचारलं नाही.

जुनेदनं दोन्ही बिलं काउंटरवर ठेवली आणि ‘एकदाच’खालच्या रेघांवर बोट ठेवलं. दोघांनीही एकेकदा बदलून नेलं होतं, बापूंना तर तो शुक्रवारच्या नमाजाला गेला असताना दुकानातल्या पोरानं बदलून दिलं होतं, आणि नियम संपला होता. पण उंबरदंड बंधूंना आता नियमाशी देणंघेणं नव्हतं. अण्णा म्हणत होते माझा बदल, त्याचा राहू दे. बापू म्हणत होते माझा बदल, त्याचा राहू दे. चार वर्षांनी आवाज मोकळे झाले होते आणि दोघांनाही हळू बोलायची सवय राहिलेली नव्हती. दुकानात आलेली चार गिऱ्हाइकं एकेक करून बाहेर जाऊन उभी राहिली. मग जुनेदनं एक डबा ओढला, दुसरा माझ्या हातात कोंबला आणि माझ्या कानात म्हणाला, “ह्यांना घेऊन जा.”

कुणाचा बदलला, ते मला माहीत आहे. दोघंही आजवर सगळ्यांना आपलाच बदलला म्हणून सांगतात, तेव्हा मी मध्ये पडत नाही.

रविवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. मी पत्रिकेचा मजकूर टाइप केला आणि रेघेपाशी थांबलो. अण्णा पडद्यासमोर उभे होते. त्यांनी घसा साफ केला. बापू कागद कापायचं मशीन सोडून कधी टेबलाच्या उजव्या बाजूला आले, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“काशिनाथ,” अण्णा म्हणाले. बापूंना नावानं हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “निमंत्रकांत तुझं नाव घालायचंय. घालू?”

बापूंनी पडद्याकडे नीट बघून घेतलं. “दोन्ही नावं एका ओळीत घाल. कुणाचं वर नको.”

“नाही सरकवत.”

“आणि वरून पट्टी मारू नका म्हणजे झालं.”

“पत्रिकेला पट्टी नसते,” अण्णा म्हणाले, आणि इतके हसले की कवळी सांभाळायला त्यांना तोंडावर हात धरावा लागला.

पहिली प्रत मशीनवरून उतरली तेव्हा गिरिजा ती घेऊन माझ्याकडे आली. शाई ओली होती. तिनं बोट न लावता मला रेघेची जागा दाखवली, जिथं आता रेघ नव्हती.

“रेवण्या,” ती म्हणाली, “गुरुवारी अण्णा कुठं गेले ते तुला माहीत होतं.”

“होतं.”

“आणि शुक्रवारी बापूकाका बोर्ड घेऊन निघाले. तेव्हा तू एक शब्द बोलला असतास, तर शनिवारी मशीन लागलं असतं.”

“लागलं असतं.”

“मग का नाही बोललास?”

“मला कुणी निरोप दिला नव्हता,” मी म्हणालो. “मशीन लागलं असतं. पण तुझी रेघ तशीच राहिली असती.”

तिनं पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली, वर पेपरवेट ठेवलं आणि गेली. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. अक्षता पडल्या तेव्हा बापू मांडवात होते आणि शेजारच्या माणसाला मदरबोर्डचे पाय समजावून सांगत होते.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. त्या रविवारी दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. म्हणून मी दर जानेवारीत एक अर्ज देतो. अण्णा तो बापूंना मोठ्यानं वाचून दाखवतात, दोघं मिळून त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं काढतात, आणि अर्ज दुरुस्तीसाठी मला परत येतो. यंदा एकही चूक सापडली नाही, तेव्हा त्यांनी अक्षरांचा आकार लहान आहे म्हणून परत केला. तो पुढीलप्रमाणे :

प्रति,
मा. मालकद्वय,
उंबरदंड बंधू मुद्रणालय, बार्शी.

विषय : आपणांमधील अबोला अंशतः पूर्ववत सुरू करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, पूर्वी आपल्या परस्परविरोधी सूचना अर्जदारामार्फत जात असल्याने त्यांत मार्गावर योग्य ती काटछाट करता येत असे व काम वेळेत होत असे. सद्यःस्थितीत दोन्ही सूचना एकाच वेळी, पूर्ण स्वरूपात व दोन्ही कानांत प्राप्त होत आहेत. तसेच कॉम्प्युटर पुन्हा जुना झाला असून, नव्या प्रोसेसरच्या निवडीवर आपली चर्चा गेल्या श्रावणापासून सुरू आहे. डबे रोज भिंगाखाली जात आहेत.

सबब, दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत आपण उभयतांनी एकमेकांशी न बोलण्याची कृपा करावी, सदर काळात अर्जदारास निरोप्या या पदावर पुन्हा रुजू करून घ्यावे, आणि वैराग येथील शेंगांची दुसरी पुडी पूर्वीप्रमाणे मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
रेवणसिद्ध भोगडे
(ऑपरेटर)